नवरा कागदावर की घरात? दयानंद, गृह आधार आणि परत मागितलेले पैसे

मयेकरीण
मंडळी, प्रश्न माझा नाही, आमच्या वाड्यावरच्या एका बाईचा आहे. तिला इथे सुशीला म्हणते, खरं नाव वेगळं. डिचोली तालुका, एवढं पुरे.

सुशीलाचा नवरा खाणीच्या ट्रकवर होता. तो गेला तेव्हा धाकटा मुलगा शाळेतही जात नव्हता. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून तिला विधवा म्हणून पैसे सुरू झाले. आधी २५००, आणि एकवीस वर्षांखालचं मूल असलेल्या विधवांना ४००० मिळू लागले तेव्हापासून ४०००. चार घरची धुणीभांडी आणि हे पैसे, यावर चूल पेटायची.

मध्यंतरी तिचं एकाशी जमलं. बार्जवर कामाला असतो, माणूस भला आहे. देवळात हार घातले, भटजी होते, जेवण झालं, अख्खा वाडा जेवला. पण रजिस्ट्रारकडे सही घातली नाही. "घालू सावकाश" म्हणत राहून गेली. पैसे खात्यात पडत राहिले आणि तिनेही कुणाला काही कळवलं नाही.

आता पत्र आलंय. "आपला पुनर्विवाह झाल्याचे निदर्शनास आले आहे, सबब अदा केलेले अर्थसाहाय्य परत करावे." लग्नाच्या तारखेच्या जागी फक्त महिना आणि साल, तेही छापील मजकुरात पेनाने भरलेलं. सोबत दुसरा कागद नाही. रक्कम लाखाच्या घरात.

तर ती आज विधवा की सवाष्ण? आणि हे पैसे खरंच भरावे लागतील का? ती म्हणते मंगळसूत्र विकते. मी म्हटलं, थांब, आधी विचारते.

आगाऊ
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

साखळीचो_शेणै
आगाऊ, इथे एका बाईवर लाखाचं बालंट आलंय. पॉपकॉर्न कसले खाता?

मयेकरीण, कायद्याने बघायचं तर गोव्यात सही नाही तर लग्न नाही. आपल्याकडे देवळातलं लग्न हा जेवणाचा कार्यक्रम. विषय संपला.

शेवंती
विषय संपला कसा? अख्खा वाडा जेवला म्हणतात. मग वाड्याच्या दृष्टीने ती लग्न झालेली आणि सरकारच्या दृष्टीने विधवा, आणि दोन्हीचे फायदे हिलाच? माझ्या नणंदेला अर्ज करून किती काळ झाला, अजून मंजुरी नाही. पैसे शेवटी आपल्याच खिशातून जातात. कळवायला हवं होतं तिने.

तांबडी_माती
शेवंतीताई, "फायदे" म्हणजे महिन्याला चार हजार. आजकाल नुस्त्याच्या (मासळीच्या) बाजारात दोन फेऱ्या मारल्या की संपतात.

शेवंती
मग मला द्या ना ते चार हजार, मी मारते फेऱ्या.

निवृत्त_कारकून
मी सरकारी नोकरीत आयुष्य काढलं, या खात्यात नाही पण अशाच टेबलावर. फाइल कशी चालते ते सांगतो, म्हणजे घाबरायचं किती ते कळेल.

विधवेच्या अर्जाला नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, पंधरा वर्षं गोव्यात राहिल्याचा दाखला, आधार, बँक पासबुक. एकदा मंजुरी झाली की पुढे वर्षातून एक हयातीचा दाखला. टेबलावरच्या माणसाला ती जिवंत आहे एवढंच कळतं. तिच्या घरात आणखी कोण जेवतं ते कळायचा मार्ग दोनच: तिने सांगणं किंवा दुसऱ्या कुणी सांगणं. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, इथे दुसऱ्या कुणीतरी सांगितलंय. तारीख पेनाने भरलेली आहे म्हणजे नोंदीचा उतारा त्यांच्याकडे नाही. असता तर दिवस, नोंद क्रमांक, सगळं टाइप होऊन आलं असतं.

आता करायचं ते असं. पैसे भरायचे नाहीत आणि गप्पही बसायचं नाही. लेखी उत्तर द्यायचं. कुठल्या कलमाखाली वसुली, तक्रारीची प्रत, चौकशी केली असेल तर तिचा अहवाल, आणि महिन्यावार हिशेब, हे सगळं मागायचं. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून परत आणा. शिक्क्यावाचून दिलेला कागद म्हणजे न दिलेला कागद. माहिती अधिकारात वेगळा अर्जही टाका, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

फोंडकार
+१. आवक शिक्क्याबद्दल तर +१०००.

अवांतर: लग्नाचा आणि सरकारी पैशांचा गुंता फक्त गरिबांच्या योजनांत नाही. माझी आत्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्याची मुलगी, घटस्फोटित. आजोबा गेल्यावर कौटुंबिक निवृत्तिवेतन तिला मिळू शकतं हे आम्हाला माहीत होतं. पण घटस्फोट आजोबा गेल्यानंतर झाला. आधी नियम असा की निवाडा आईबापांच्या हयातीत हवा. २०१७ मध्ये सुधारणा झाली की दावा त्यांच्या हयातीत दाखल झाला असेल तरी चालेल. दावा आजोबांच्या आजारपणातच दाखल केला होता म्हणून ती वाचली. आणखी थोडा उशीर केला असता तर आयुष्यभराचं निवृत्तिवेतन गेलं असतं. म्हणजे नवरा वाईट निघाला यापेक्षा तो कोणत्या तारखेला वाईट निघाला हे महत्त्वाचं.

आगाऊ
म्हणजे मुहूर्त आता काडीमोडालाही बघायचा.

नुस्त्याचीकडी
आणि विधवेने पुन्हा लग्न केलं तर ते निवृत्तिवेतन बंद ना? आमच्या शेजारच्या काकू दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासोबत "पुनर्विवाह केलेला नाही" असंही लिहून देतात. वय ऐंशीच्या पुढे. दर वर्षी सही करताना म्हणतात, "कोण विचारतोय गो बाये!"

फोंडकार
केंद्रात साधारण तसंच. मूल नसलेल्या विधवेला मात्र पुनर्विवाहानंतरही चालू राहतं, तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेखाली असेल तर. सहाव्या वेतन आयोगानंतर आलेली सवलत.

पेडणेकरीण_स्विंडनहून
रात्रपाळी संपवून वाचतेय. आमच्याकडे इंग्लंडात या विषयावर वेगळा ग्रंथ होईल.

स्विंडनमध्ये पोर्तुगीज पासपोर्टवर आलेले गोंयकार किती आहेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. पगार पुरला नाही की युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे तिथला सरकारी भत्ता. तिथे लग्नाची नोंद आहे की नाही याला जवळजवळ किंमत नाही. नवराबायकोसारखे राहता का, एवढंच बघतात. एका घरात राहता का, संबंध किती टिकाऊ, पैसा एकत्र का, शरीरसंबंध आहेत का, मुलं आहेत का, लोकांत जोडपं म्हणून वावरता का. अशी सहा लक्षणं तपासतात. एकट्या लक्षणावरून ठरवत नाहीत, सगळं मिळून चित्र बघतात.

का बघतात? २०२५-२६ सालात पंचविशीच्या पुढच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिना ४००.१४ पौंड. जोडप्याचा ६२८.१०. दोन एकटे म्हणून घेतले तर ८०० च्या वर, जोडपं म्हणून १७२ पौंड कमी. त्यामुळे सरकारला तुम्ही जोडपं असलेले परवडतात आणि तुम्हाला एकटे असलेले.

माझ्या चुलतबहिणीची गोष्ट. तीन खोल्यांचं भाड्याचं घर, प्रत्येक खोलीत आपल्याच भागातलं कुणीतरी. तिच्या शेजारच्या खोलीत आमच्याच गावचा एक मुलगा. दोघांच्या नावावर भाडेकरार, विजेचं बिल त्याच्या नावावर, आणि जेवण ही सगळ्यांचं करायची. प्रश्न आला: याच्यासाठी जेवण तुम्ही करता का? हिने खरं ते सांगितलं, हो करते. पुढचा प्रश्न: का करता? आता गोंयच्या मुलीने याचं काय उत्तर द्यावं? भात एकाच टोपात लावतात म्हणून!

मयेकरीण
मग पुढे?

पेडणेकरीण_स्विंडनहून
पुढे जोडपं ठरवलं आणि मागच्या महिन्यांचे जास्त गेलेले पैसे मागितले. तिथला एक नियम गोव्यातल्यांनी ऐकून ठेवा: युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये चूक ऑफिसची असली तरी जास्त गेलेला पैसा वसूल करता येतो. महिन्याच्या रकमेतून कापतात. एप्रिल २०२५ पासून सर्वसाधारणपणे मूळ भत्त्याच्या १५ टक्क्यांपर्यंतच कापता येतं, आधी २५ होतं. हिने एका महिन्याच्या मुदतीत फेरविचाराचा अर्ज केला. बाकीच्या खोल्यांतल्यांनी लिहून दिलं की भाजीचे पैसे सगळे सारखे काढतात. एका वहीत हिशेब होता, कोणी किती तेल आणलं, तो उपयोगी पडला. निर्णय फिरला.

त्या मुलाचं नंतर रीतसर लग्न झालं, दुसरीशी. माझी बहीण जेवायला गेली होती.

तांबडी_माती
तेलाच्या हिशेबाने लग्न मोडलं, जे कधी झालंच नव्हतं!

वकिलीणबाय
उशिरा आले, मुद्द्याचं बोलते. शेणैबाब, विषय इतक्यात संपत नाही.

गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा लागू आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तो नीट वाचलेला नसतो. लग्न म्हणजे निबंधकापुढचा करार. आधी जाहीरनाम्याची पहिली सही, मुदत गेल्यावर दुसरी सही, मग लग्न. पहिलीनंतर "झालं की" म्हणून नांदायला गेलेल्या बायका माझ्याकडे येतात. दुसऱ्या सहीला नवरा कधी फिरकतच नाही. सुशीलाची तर पहिलीही नाही. म्हणून नोंदीपुरती ती अजून पहिल्या नवऱ्याची विधवाच, हे शेणैंचं म्हणणं बरोबर.

पण आता सापळा बघा. कर्ज टाळायचं म्हणून ती लेखी देईल, "माझं लग्न झालेलं नाही, आम्ही नवराबायको नाही." खातं कदाचित ऐकेल. पण तो कागद जन्मभर राहतो. उद्या या माणसाचं काही बरंवाईट झालं आणि घरातून हिला बाहेर काढलं, तर सासरचे हाच कागद काढून दाखवतील.

आपल्याकडे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर संपत्तीत नवराबायकोचा निम्मा निम्मा वाटा. घर विकायचं तर दोघांच्या सह्या. हे सगळं सहीनंतर. सही नसलेल्या बाईजवळ तसंही थोडंच असतं. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा "लग्नासारख्या नात्यात" राहणाऱ्या बाईलाही संरक्षण देतो आणि सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये त्याच्या कसोट्या घालून दिल्या: समाजात जोडपं म्हणून वावरणं, पुरेसा काळ एकत्र राहणं, वगैरे. पेडणेकरणीची सहा लक्षणं आठवा. म्हणजे त्या कायद्यापुढे हिला म्हणायचंय "आम्ही नवराबायकोसारखे" आणि खात्यापुढे "आम्ही कुणीच नाही". दोन्ही कागदांवर सही एकाच बाईची. विरुद्ध बाजूचा वकील असते तर मला आणखी काही नको होतं.

म्हणून उत्तरात लिहायचं एवढंच: "माझ्या नावावर निबंधकाकडे पुनर्विवाहाची नोंद नाही." हे खरं आहे, पुरेसं आहे, आणि पुढचे दरवाजे बंद करत नाही. सोबत सुनावणी मागायची. बाजू न ऐकता पैसे मागणं कुठल्याही कोर्टात टिकायला कठीण.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या कोर्टात विचारा.

निवृत्त_कारकून
वकिलीणबाय, मान गये. कारकुनाला हे सुचलं नसतं, आम्ही बिनधास्त "लग्न झालेच नाही" लिहायला लावलं असतं.

गुळेलीचो_बाबू
सुप्रीम कोर्टाचा तो निवाडा आहे ना, जास्त गेलेले पैसे पाच वर्षांनंतर वसूल करता येत नाहीत म्हणून? रफिक मसीह, २०१४. तो लावा.

वकिलीणबाय
तो सरकारी कर्मचाऱ्यांच्या पगाराबद्दल आहे. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले, आणि पाच वर्षांहून जुनी जादा रक्कम, यांच्याकडून वसुली नको. शिवाय तिथे चूक खात्याची होती, कर्मचाऱ्याने काही लपवलं नव्हतं. कल्याण योजनेला तो थेट चिकटत नाही. वरच्या कोर्टात गेलो तर "गरिबाला पिळू नका" या तत्त्वापुरता वाचून दाखवता येईल.

गुळेलीचो_बाबू
चिकटवायला गोंद पुष्कळ आहे माझ्याकडे. बरं, राहू दे.

साखळीचो_शेणै
हिंदूंसाठी जुना १८८० चा हुकूमनामा होता ना, पहिली बायको असताना दुसरी करायला परवानगी देणारा? तो अजून आहे की गेला?

आगाऊ
शेणैबाब, घरी वहिनी हा धागा वाचतात का?

वकिलीणबाय
पहिल्या बायकोला पंचविशीपर्यंत मूल नाही किंवा तिशीपर्यंत मुलगा नाही, अशा अटी होत्या. वापरलेला मी पाहिला नाही. धागा भरकटवू नका.

म्हापशेंकार
मला एक हिशेब सुचतोय. विधवांचे ते ४००० म्हणजे दयानंदचे २५०० अधिक गृह आधारचे १५०० असंच जोडून आहेत ना? गृह आधार तर लग्न झालेल्या बाईलाही देतात. नवराबायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या आत हवं. २०१२ साली महागाईशी झगडणाऱ्या गृहिणींसाठी म्हणून हजार रुपयांनी सुरू झाली, आता १५००.

मग सुशीलाने वेळेवर सही घातली असती तरी अर्ज करून १५०० तिला मिळाले असते. बार्जवाल्याचा पगार आणि हिची धुणीभांडी मिळून तीन लाखांच्या वर जात असेल असं वाटत नाही. म्हणजे सरकारचं खरं नुकसान झालं असेल तर ते महिना २५०० चं. मग पूर्ण ४००० का मागायचे?

निवृत्त_कारकून
हिशेब चोख आहे, पण फाइल असं बघत नाही. न केलेल्या अर्जाची रक्कम कुणी वळती करत नाही. तरीही उत्तरात हा परिच्छेद घालाच. वरचा अधिकारी समजदार असला तर रक्कम कमी करायला किंवा हप्ते बांधून द्यायला त्याला काहीतरी आधार लागतो. लिहिलेलं नसेल तर तो तरी काय करणार.

शेवंती
हे पटलं. पूर्ण माफ नको, पण २५०० चा हिशेब न्याय्य वाटतो. आणि हप्ते.

तांबडी_माती
शेवंतीताई पाघळल्या. धाग्याची नोंद इतिहासात व्हावी.

काजूबोंडू
मी कधी लिहीत नाही, पण हा धागा वाचून राहवलं नाही.

माझी बहीण उलट बाजूने अडकलीय. तिचं लग्न सह्यांसकट पक्कं. नवरा आखातात गेला, पहिल्यांदा पैसे यायचे, मग कमी, मग फोनही बंद. तिथे दुसरा संसार आहे असं ऐकतो. ही माहेरी, मुलीसोबत. गृह आधारसाठी गेली तर नवराबायकोच्या उत्पन्नाचा दाखला हवा. खिडकीवरच्या बाईने विचारलं, नवऱ्याचं उत्पन्न किती? ही म्हणाली, माहीत नाही. बाई म्हणाली, मग तुम्ही ते लपवताय. विधवेची योजना मागावी तर तो जिवंत. घटस्फोटितेची मागावी तर दावा नाही, आणि ती दावा करायला तयार नाही, मुलीच्या लग्नाच्या वेळी कुणी बोलेल म्हणून. नवऱ्याचं नाव सगळ्या कागदांवर आहे, एक रुपया मात्र कुठे नाही.

सुशीलाकडे माणूस आहे, सही नाही. माझ्या बहिणीकडे सही आहे, माणूस नाही. पैसे दोघींनाही नाहीत.

मयेकरीण
काजूबोंडू, वाचून कसंतरी झालं गो.

दोडामार्गचा_दादा
आमच्या बाजूला या, सीमेपलीकडे. लाडक्या बहिणीत परित्यक्ता असा वेगळा रकाना आहे. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि घरातली एक अविवाहित. महिना १५००, उत्पन्न अडीच लाखांच्या आत.

नुस्त्याचीकडी
रकाना आहे खरा. पण २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू केलं तेव्हा नवऱ्याचा नाहीतर बापाचा आधार मागितला ना दादा? बाप वारलेला, नवरा पळालेला, मग ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येणार?

दोडामार्गचा_दादा
त्यावरून आमच्याकडेही पुष्कळ बोंबाबोंब झाली. नाकारत नाही.

पेडणेकरीण_स्विंडनहून
सगळीकडे तेच. आमच्याकडे पुरुष घरात दिसला तर पैसे कापतात, तुमच्याकडे दिसला नाही तर अडवतात.

शेवंती
तक्रार कुणी केली ते कळलं का? मला वाटतं त्या माणसाच्या घरच्यांपैकी कुणीतरी. हिने सही घातली तर घरात वाटा येणार, त्यापेक्षा हिला आधीच घाबरवून ठेवलेलं बरं.

आगाऊ
शेवंतीताई आता गुप्तहेर खात्यात.

मयेकरीण
अपडेट देते. मध्ये चतुर्थी आली, म्हणून उशीर.

आम्ही कोर्टात जाऊन मोफत वकील मागितला, मिळाला. तरुण मुलगा आहे, पण ऐकून घेणारा. वकिलीणबायचं वाक्य जसंच्या तसं उत्तरात घातलं. कारकूनकाकांनी सांगितलेल्या चारही गोष्टी मागितल्या, म्हापशेंकारांचा हिशेब शेवटच्या परिच्छेदात. वकिलाने आणखी एक केलं. तिचं रेशनकार्ड आणि त्या माणसाचं रेशनकार्ड, दोन्हीच्या प्रती जोडल्या. तो अजून भावाच्या कार्डावर आहे, वेगळ्या गावात, मतदार यादीतही तिकडेच. सरकारच्याच दोन कागदांत ती दोघं वेगवेगळ्या घरात राहतात. आवक शिक्का घेतला. खिडकीवरच्या माणसाने "शिक्का कशाला" विचारलं. सुशीला म्हणाली, "असूं दी, फोटो काढपाक जाय." मला हसू आवरेना.

यापुढचे पैसे थांबवा असंही तिने स्वतःहून लिहून दिलं. वकील नको म्हणत होता, पण हिने ऐकलं नाही. म्हणाली, मागचं काय व्हायचं ते होऊ दे, पुढच्याचा घोर नको.

शेवंतीताई, तक्रार कुणी केली ते कळलं नाही, प्रत अजून मिळालेली नाही. पण सहीची गोष्ट काढल्यावर त्याचे भाऊ दोनदा घरी येऊन गेले, एरवी चतुर्थीलाही येत नाहीत. घर वडिलोपार्जित, वाटणी झालेली नाही. तो म्हणतो घालू सही, पण म्हणताना तिच्याकडे बघत नाही.

वकिलीणबाय
रेशनकार्डाची युक्ती चांगली, पण तो मतदार यादीतला पत्ता सहीच्या वेळी आडवा येऊ शकतो, तेव्हा बदलून घ्या. आणि सही घालायच्या आधी पहिल्या नवऱ्याची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत मालमत्ता वाटून देणारी कोर्टातली कार्यवाही, झाली आहे का ते बघा. तिचा निम्मा वाटा आणि मुलांचा वाटा वेगळा काढून ठेवला नाही तर पुढे दोन घरांचा गुंता होईल.

मयेकरीण
इन्व्हेंटरी कसली, घर अजून सासऱ्याच्या नावावर आहे.

वकिलीणबाय
म्हणजे नेहमीप्रमाणे. वकिलाला सांगा, मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

निवृत्त_कारकून
सुनावणीचं पत्र येईल तेव्हा पाकीटही जपून ठेवा, पोस्टाच्या शिक्क्यासकट. पत्रावरची तारीख आणि पोस्टात पडल्याची तारीख यांत बराच फरक असतो. मुदत चुकली असं म्हणाले तर पाकीट दाखवायचं.

काजूबोंडू
माझ्या बहिणीचं कुणी सांगितलंच नाही.

वकिलीणबाय
सांगते. घटस्फोट नको असेल तर नको. पोटगीचा अर्ज टाकता येतो, पूर्वीचं कलम १२५, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. त्यासाठी लग्न मोडावं लागत नाही. नवरा आखातात असला तरी नोटीस काढता येते. पैसे हातात येतील की नाही ते पुढचं पुढे, पण नवरा पोसत नाही असं नोंदवणारा कोर्टाचा कागद हातात पडतो. मग उत्पन्नाच्या दाखल्यासाठी मामलेदाराकडे तो जोडायचा आणि खिडकीवर विचारायचं, आता कोण काय लपवतंय? मुलीच्या नावानेही मागा, रक्कम वेगळी मिळते. लग्नाचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला घेऊन ये म्हणावं, मी बुधवारी म्हापशाच्या कोर्टात असते.

काजूबोंडू
बुधवारी तिची पाळी असते काजूच्या कारखान्यात. गुरुवार चालेल?

वकिलीणबाय
चालेल. अकराच्या आधी.